बशीतला चहा

आमच्या शेजारच्या बाईंना कसबा पेठेतल्या तांबटांच्या ठोकाठोकीचा काडीचाही त्रास नाही. दुपारी खिडकी उघडी टाकून खुशाल झोपतात. पण समोर कुणी मचमच करत पोहे खायला लागलं, की त्यांचा जबडा आवळतो आणि "चालू द्या तुमचं" म्हणून त्या उठून जातात. निम्मी आळी त्यांना शिष्ट समजते. समजो बापडी.

खाण्यापिण्याचे आवाज सहन न होणं हा एक त्रास आहे आणि त्यावर उपचार असतात हे कळल्यापासून त्या दर गुरुवारी समुपदेशकाकडे जातात, आणि तेही लपवत नाहीत. "कान उत्तम आहेत हो. डोकं शिकवणीला घातलंय," म्हणतात. शिकवणी अशी, की आवाज आला तरी उठायचं नाही. पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि आवाज करणाऱ्या माणसाकडे नीट बघायचं.

माझे सासरे बशीतून फुरके मारत चहा पितात. बाईंचं हे कळल्यापासून त्या घरी आल्या, की ते "मला नको" म्हणून कप बाजूला सरकवायचे. परवा बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी स्वतः चहा बशीत ओतला आणि म्हणाल्या, "अहो अण्णा, घ्या. अगदी आवाज करून घ्या."

अण्णांनी भीतभीत फुरका मारला. बाईंनी खुर्चीचा हात असा धरला, की बोटं पांढरी पडली. पण नजर अण्णांच्या चेहऱ्यावरून हलली नाही. बशी रिकामी झाल्यावर कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं, "कपात अजून आहे. ओतू?"