भर वर्गात थोबाडीत

“मार,” हेडसर म्हणाले. “तुला येतं. बाईंना येत नाही. मार.”

शिवलीला सातवीतली पोरगी. तिच्या आजोबांचं गावात किराणा दुकान. कपाळाला रोज ताजं भस्म लावून यायची. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा हात माझ्या गालापर्यंत नीट पोचत नव्हता. हेडसरांनी तेही पाहिलं.

“बाई, जरा वाका की. लेकराला पुरंना.”

मी वाकले.

पोरीनं हळूच मारलं. बोटं लागली न लागली. हेडसर हसले. “अशी मारत्यात व्हय गं? आजा जेवू घालत न्हाय का?” आणि कशी मारतात हे दाखवायला त्यांनी तिच्याच कानाखाली एक काढली. पोरगी बाकावर आदळली. उठली. रडत रडत आली आणि मला मारलं. या वेळी आवाज झाला. वर्ग हसला. सगळा नाही. पण हसला.

“चालू द्या तुमचं,” म्हणत हेडसर शेजारच्या वर्गात गेले.

आमच्या शाळेत याला पाठ निरीक्षण म्हणत.

ज्या पोराला उत्तर येतं त्यानं न येणाऱ्याला थोबाडीत द्यायची, ही रीत आमच्याकडं तेव्हा बऱ्याच शाळांत होती. मास्तरचा हात दुखत नाही आणि शिक्षाही होते. मैत्रिणी मैत्रिणींना मारत. हळू मारलं तर हळू मारणारीला मार. हेडसरांनी ही रीत एक पायरी वर नेली, एवढंच. ती पोरांवरून माझ्यावर आणली.

मी विज्ञान शिकवत होते. पोरांनी ओल्या फडक्यात बांधून मोड आलेले हरभरे आणले होते. मूळ कुठलं, कोंब कुठला, हे ती नखानं उकलून बघत होती. वर्गात गलका होता, पण कामाचा गलका. हेडसर आत आले. पोरं धडपडून उठली, हरभरे फरशीवर सांडले. हेडसरांनी फळ्याकडं पाहिलं नाही. पोरांच्या हातांकडं पाहिलं नाही. हातातली निरगुडीची छडी टेबलावर आपटली आणि मला विचारलं,

“बाई, सात औट किती?”

औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. दुकानदारांच्या, जमीनदारांच्या घरात म्हातारी माणसं तो पाठ करून घेत. माझी माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, बाप गवंड्याच्या हाताखाली. आमच्या घरात औट हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. सात साडेतीन किती, असं विचारलं असतं तर मी तोंडी सांगितलं असतं. मला गणित येत नव्हतं असं नाही. मला त्यांच्या घरातला पाढा येत नव्हता.

मी मातंग. राखीव जागा भरायचीच होती, म्हणून संस्थेनं मला घेतलं होतं. राखीव जागांच्या यादीवरून स्टाफरूममध्ये माझ्या माघारी माझं नाव पडलं होतं ‘रोस्टर’. रोस्टर आल्या का, रोस्टरचा तास आहे का. मी शिक्षणसेवक होते. नोकरीत कायम व्हायला हेडसरांचा शेरा लागणार होता, आणि हेडसर संस्थेच्या अध्यक्षांचे सख्खे भाऊ. शाळा त्यांची, शाळेची जागा त्यांची, जागेच्या पलीकडचा ऊसही त्यांचाच.

तास संपला. स्टाफरूममध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. इतिहासाचे सर सुपारी कातरत म्हणाले,

“मनावर घेऊ नका, बाई. सरांची पद्धतच हाय ती. आमाला पण सोडलं न्हाय.”

“तुम्हाला पोरानं मारलं?”

“मारलं म्हंजे... कान धरायला लावलं होतं एकदा.”

“कुणी धरला?”

“मीच. माझा मीच धरला की.”

“आणि बाई, तुम्हाला?” मी मराठीच्या बाईंकडं वळले.

त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या. बिस्कीट तुटून पडलं. “मला उभं केलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “पण ते वेगळं.”

सुपारी कातरली गेली. घंटा झाली. सगळे आपापल्या वर्गावर गेले.

घरी मायनं गाल बघितला.

“कुणी मारलं?”

“पोरीनं.”

“कुणाच्या?”

“वर्गातल्या. हेडसरनी सांगितलं म्हणून.”

माय भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. “अन् तू हुबी ऱ्हायलीस?”

“नोकरी आहे, माय.”

“म्या रोजानं जाते. मालकानं हात उचलला तर खुरपं दाखवते. अन् तू पगारी बाई, गाल दिऊन आलीस व्हय?”

तिनं भाकर तव्यावर टाकली.

मी तेव्हाच्या उस्मानाबादच्या स्टँडवरून उजळणीचं पुस्तक घेतलं. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी. एसटीत बसून घोकलं. भूमची बस खड्ड्यात आपटायची आणि मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. शेजारच्या बायांना वाटायचं, बाई जप करते.

पाढे पाठ झाले. पण शिकवणं गेलं. तास चालू असताना माझा एक कान दाराकडं. व्हरांड्यात चप्पल वाजली की खडू थांबायचा. हरभरे बंद झाले. पोरांनी काही हातात घेणं, बोलणं, उठणं बंद झालं. मी फळ्यावर लिहून द्यायची, पोरं उतरून घ्यायची. गलका नाही. शेरा चांगला मिळतो अशा वर्गाला. मागच्या बाकावरून कधी कुणी हळूच “सात औट” म्हणायचं आणि सगळे खाली मान घालून हसायचे. शिवलीला हसायची नाही. ती माझ्याकडं बघायचीच नाही. पहिल्या बाकावरून उठून ती शेवटी जाऊन बसली होती.

एक दिवस तिच्याजवळ जाऊन मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं वाचवायला हात वर केला. मारच बसणार, असं तिला वाटलं. मी तिथंच उभी राहिले. त्या पोरीला आता मी आणि हेडसर सारखेच होतो. मी काही न करता. वाकले तेवढ्यानं. मला राग आला, आणि तो पहिल्यांदा बरोबर माणसावर, हेडसरांवर आला.

पुढच्या निरीक्षणाला हेडसर आले तेव्हा मी पुन्हा हरभरे वाटून ठेवले होते. मुद्दाम.

“हे काय, धान्याचा मोंढा भरवलाय का? बसवा पोरं खाली.” मग छडी माझ्याकडं करून, “आलं का पाठ? सात औट?”

“येतं.”

“मग सांगा.”

“सांगणार नाही.”

“काय?”

“मला येतं. पण इथं सांगणार नाही. माझा पाठ बघायचा असेल तर मागं बसून बघा. माझं चुकत असेल तर ऑफिसात बोलवा, तिथं सांगा. पोरांच्या समोर मी परीक्षा देणार नाही.”



“तुला उत्तर देता येत न्हाय अन् वर तोंड करती?” तुम्हीचं तू झालं. “शिवलीला! ऊठ. ये हिकडं.”

शिवलीला उठली नाही. तिनं दोन्ही हात बाकाखाली घातले.

“ऊठ म्हणतो ना!”

“नको सर,” पोरगी म्हणाली.

ते बाकांमधून तिच्याकडं गेले आणि छडी उचलली. पहिली छडी तिच्या दंडावर बसली. दुसरी मी धरली. निरगुडीची ओली छडी, तळहाताची साल निघाली, पण सोडली नाही. ओढून घेतली आणि गुडघ्यावर मोडायला गेले. मोडेना, नुसती वाकत होती. मग खिडकीतून बाहेर भिरकावली.

हेडसरांनी माझा अंबाडा धरला आणि मला फळ्यावर आपटलं. फळ्याच्या चौकटीची कड भुवईत घुसली. डोळ्यात रक्त उतरलं. पोरं किंचाळायला लागली. ते मला जातीवरून शिव्या देत होते. त्या शिव्या मी इथं लिहिणार नाही, त्यांनी त्या फुकट पुष्कळ वापरल्या. मला एकाच डोळ्यानं दिसत होतं. मी त्यांची कॉलर धरली. गच्च. अंगात कुठून बळ आलं ते विचारू नका, लहानपणापासून मी विहिरीतून पाणी ओढलंय. दारापर्यंत फरफटत नेलं आणि दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. ते व्हरांड्यात उताणे पडले. मी दार लावलं. आतून कडी घातली.

बाहेर दारावर लाथा बसत होत्या. शिपाई, इतिहासाचे सर, मग अध्यक्षांची माणसं. “बाई, दार उघडा! तमाशा करू नका!” मी पदर भुवईवर दाबला आणि पोरांना म्हटलं, “हरभरे उचला. मूळ खाली का जातं, सांगा.”

कुणी सांगितलं नाही. मग शिवलीलानं सांगितलं. चुकीचं. मी म्हटलं, “चूक आहे. पुन्हा विचार कर.” ती बसली आणि विचार करायला लागली. तिला कुणी मारलं नाही.

घंटा होईपर्यंत मी कडी काढली नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. फिर्याद दिली. माझ्या भुवईला टाके होते, पण वर्गातल्या पोरांना घरच्यांनी गप्प बसवलं आणि शेजारच्या वर्गांतल्या कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. गावातली शहाणी माणसं मायकडं आली. “पोरगी तरणी हाय, नोकरीची हाय, मिटवून घ्या.” माय म्हणाली, “मिटवायला ते काय फडक्यानं पुसायचं सांडलेलं पाणी हाय का?” केस लांबली, विरली. शिवलीलाला तिच्या आजोबांनी शाळेतून काढून सोलापूरकडं आत्याच्या घरी धाडलं. मला शेरा वाईट मिळाला. भांडून कायम झाले, त्यात वर्षं गेली. हेडसर निवृत्त होईपर्यंत हेडसरच राहिले.

माझ्या वर्गात मात्र ते पुन्हा आले नाहीत. दुसरंही कुणी आलं नाही. हा विजय मानायचा का? कित्येक वर्षं मी कशी शिकवते हे एकाही मोठ्या माणसानं पाहिलं नाही. मी भराभर बोलते, हे मला कुणी सांगितलं नाही. उत्तर येणाऱ्या पोरांकडंच माझं लक्ष जातं, हे कुणी सांगितलं नाही. मागच्या रांगेतल्या किती पोरी माझ्या हातून तशाच वर सरकल्या असतील. शिक्षकाला बघणारं माणूस लागतं. मारणाऱ्यानं ते माणूसही माझ्याकडून हिरावून घेतलं.

आज त्या खुर्चीवर मी आहे. ज्येष्ठतेनं माझाच नंबर होता. संस्थेनं बोलावून सांगितलं, “मॅडम, मुख्याध्यापकपद नको असं लिहून द्या, तुमच्यानं झेपायचं नाही.” मी लिहून दिलं नाही.

मी वर्गात जाते ती आदल्या दिवशी सांगून. शेवटच्या बाकावर पोरांच्यात बसते. पाठ संपेपर्यंत तोंड उघडत नाही. नंतर शिक्षकाला ऑफिसात बोलावते, दार लावते आणि बोलते. गोड बोलत नाही. ‘तुम्ही फळ्याशी बोलता, पोरींच्या रांगेला तुमची पाठ दिसते,’ असं तोंडावर सांगते. काय चांगलं झालं तेही सांगते, झालं असेल तर. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बसते. बदल झाला का, बघते. नसेल झाला तर त्याच वर्गावर तो पाठ मी घेऊन दाखवते, आणि माझं काय चुकलं ते त्यांना सांगायला लावते. सुरुवातीला कुणी सांगत नव्हतं. आता सांगतात. मराठीचे सर तर जरा जास्तच सांगतात.

यंदा एक नवा मास्तर आलाय. पारधी समाजातला, सरकारी भरतीतून. गणिताला. हुशार आहे, घाबरट आहे. मी पहिल्यांदा वर्गात गेले तेव्हा त्यानं एकच उदाहरण दोनदा लिहून दोनदा पुसलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पुसलं नाही.

काल अध्यक्ष ऑफिसात आले. आता अध्यक्ष हेडसरांचा मुलगा.

“मॅडम, तो नवीन पोरगा काय शिकवतो ते बघायचंय. उद्या येतो वर्गात. पोरांसमोरच विचारतो चार प्रश्न.”

“मी पाहिलाय त्याचा पाठ. दोनदा.”

“मग?”

“उदाहरण सोडवताना पायऱ्या गाळतो. सांगितलंय. सुधारतोय.”

“तुमचं सांगणं लई मऊ. असल्यांना पोरांपुढं एकदा उतरवलं की सरळ होत्यात.”

“वर्गात तुम्ही जायचं नाही.”

“मॅडम, शाळा आमची हाय.”

“इमारत तुमची आहे. तास त्याचा आहे.”

ते उठले. दारात थांबून हसले. “पारध्याचा हाय म्हणून पुळका आलाय काय?”

“व्हय,” मी म्हटलं.

“उद्या दुसऱ्या तासाला येतो. बघू कोण अडवतंय.”

त्या पोराला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यानं अपूर्णांकांचा पाठ तयार केलाय, तो त्यानं निवांत घ्यावा. आज दुसऱ्या तासाला मी त्याच्या वर्गाबाहेर उभी राहणार. अध्यक्ष आले की आधी तोंडानं सांगीन. ऐकलं नाही तर आडवी उभी राहीन. अंगाला हात लावला तर तो हात पिरगळीन, आणि तिथूनच फिर्याद द्यायला जाईन, भुवई फुटायची वाट बघणार नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. ती गेली तर जाऊ देत. त्या वर्गात तो माणूस पाय ठेवणार नाही.