कर्जतच्या मामाचा दगड आणि खोळ टाकलेला देव

मामाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "सोमवारी दगड शाळेला देतोय. त्याआधी ये, भिंगातून बघ आणि फक्त हो म्हण," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. कर्जतच्या शाळेत उभं आयुष्य भूगोल शिकवल्यामुळे माझ्या मामाला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशी सवय आहे.

दगड म्हणजे त्याच्या शोकेसमधला, कोपरापासून मनगटापर्यंत लांबीचा गोल दांडका. वरच्या टोकावर दुधी आणि मधासारख्या रंगाची वलयं. हे ओपल, म्हणजे दुधी झळाळीचा रत्नखडा, झालेलं झाडाचं खोड, असं मामा सांगतो आणि आम्ही भाचरंच काय, त्याचे सगळे विद्यार्थी हेच ऐकत मोठे झाले. आता शाळेत एक छोटं दालन होतंय. मानाची जागा या दगडाला, खाली पाटी: अश्मीभूत वृक्ष, आणि मामाचं नाव.

मी काही शास्त्रज्ञ नाही. बँकेत नोकरी करते आणि सुट्टीत दगड बघत हिंडते. पण मामाला खोटं 'हो' म्हणायची माझी तयारी नव्हती, आणि 'नाही' म्हणायचं धाडसही नव्हतं.

शनिवारी पुण्याहून सकाळची गाडी पकडली. (पुण्याच्या सगळ्या गाड्या कर्जतला थांबत नाहीत, आधी बघून घ्या.) घाट उतरताना डाव्या-उजव्या हाताला कापलेला काळा कातळ दिसतो, तो लाव्हा. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कर्जतला उतरल्यावर फलाटावरचा वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे जाणं पाप आहे. मिरची वेगळी मागून घ्या.

पर्समध्ये माझा खजिना होता. मैत्रिणीने ऑस्ट्रेलियाहून आणलेला, काडेपेटीएवढा ओपल झालेल्या लाकडाचा तुकडा. भिंगाखाली त्यात लाकडाची बारीक छिद्रं दिसतात, झाड ज्यांतून पाणी ओढायचं ती. सिलिका, म्हणजे वाळूतलं द्रव्य, विरघळलेलं पाणी लाकडात मुरत गेलं आणि त्या सिलिकाने कणाकणाने लाकडाची जागा घेतली. त्या देशात समुद्री शिंपलेही ओपल झालेले सापडतात, तेही भर वाळवंटात. म्हणजे तिथे कधी काळी समुद्र होता, हे एका शिंपल्यावरून कळतं. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

मामाच्या घरी पोचून त्याच्या दगडाला भिंग लावलं तर नुसती चकाकी.

"मामा, याला काय लावलंयस?"

"वॉर्निश. दर दसऱ्याला एक हात. आणि झेंडूचं फूल."

"अरे देवा! आणि खालची बाजू?"

"ती स्टँडमध्ये पांढऱ्या सिमेंटने बसवलीय. हलत होता."

म्हणजे वर वॉर्निश, खाली सिमेंट. बघणार काय, कपाळ? पण दगडाचा दुसरा अर्धा भाग होता. मामाचा एक विद्यार्थी खालापूर तालुक्यात शेती करायचा. त्याच्या विहिरीच्या खोदकामात दांडका निघाला आणि पहार लागून दोन तुकडे झाले. एक त्याने सरांना आणून दिला, दुसरा शेताच्या बांधावर देव म्हणून बसवला. विद्यार्थी आता हयात नाही, पण त्याची बायको हिराबाई तिथेच राहते.

रविवारी सकाळी रिक्षा ठरवून निघालो. (भाडं बसण्याआधीच ठरवा, गावातून परतीची रिक्षा मिळत नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुदळी घेऊन जाल.) रस्ता पळसदरीपर्यंत छान आणि पुढे बऱ्यापैकी. दोन्हीकडे वालाची शेतं होती.

आधी विहीर बघितली. काळा कातळ, मध्ये हातभर लाल मातीचा पट्टा, खाली पुन्हा काळा. दोन लाव्हांच्या मध्ये जमीन शांत होती, माती तयार झाली होती, त्याची ती खूण. अशाच मधल्या काळातल्या गाळात मुंबईत बेडूक आणि कासवं सापडलीत, विदर्भाकडे ताडाच्या जातीची खोडं. तेव्हा झाड निघणं अशक्य मुळीच नव्हतं. माझी आशा वाढली.

"दगड कुठे मिळाला, हिराबाई?"

"ह्यो काय, वरल्या काळ्या दगडात. लाल मातीत नाय."

काळा दगड म्हणजे लाव्हा, आणि त्यात झाड सहसा जळून जातं. आशा जरा खाली आली.

देवावर वर्षानुवर्षं शेंदूर चढवतात. त्याचं जाड कवच होतं, पण ते कुणी खरवडायचं नसतं. म्हणजे काहीच दिसणार नाही, असं धरूनच मी चालत होते. पण हिराबाई म्हणाल्या, "गुर्जी, तुमी बरे आलात. देवानं परवाच खोळ टाकली. आपसूक. आता नदीत सोडायची हाय."

बांधावर केळीच्या पानात शेंदराची खोळ ठेवली होती आणि शेजारी देव उघडा. आधी मी खोळच बघितली. आतून दगडाचा प्रत्येक खाचखळगा हुबेहूब उमटला होता. जीवाश्मांचे ठसे असेच तर तयार होतात! मामा शाळेतल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "हा बघा साचा!" समोर आम्ही दोघीच होतो.

मग परवानगी घेऊन, हात न लावता, देवाच्या तुटलेल्या तोंडाकडे बघितलं. वलयं सुंदर होती. पण मधोमध पोकळी, आणि तिच्यात आतल्या बाजूला टोकं केलेले बारीक स्फटिक.

"मामा," मी म्हटलं, "झाड आतून बाहेर वाढतं. हा दगड बाहेरून आत भरत गेलाय. लाव्हात वायूची पोकळी होती, ती गारगोटीने भरत आली आणि मध्ये जागा उरली. मला यात झाड दिसत नाही रे."

मामाने माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि पोकळीत डोकावला. मग म्हणाला, "माझ्या तुकड्यालाही भोक होतं. मला वाटलं, खोड पोखरलंय. म्हणून स्टँडमध्ये बसवताना त्यातही सिमेंट भरलं." मला फार वाईट वाटलं.

"काय झालं, गुर्जी?"

"हिरा, हे झाड नाही गं."

"मंग? आमाला कुठं झाड पायजे व्हतं? द्येव हाय त्यो." आणि त्यांनी आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बिरड्याची चव अजून जिभेवर आहे.

परतीच्या रस्त्यात मामाने माझ्याकडून ओपलचा तुकडा मागून घेतला आणि कर्जत येईपर्यंत भिंगातून बघत बसला. एकदाच म्हणाला, "किती मुलांना सांगितलं गं मी." स्टेशनवर त्याने तुकडा परत केला. मी तो त्याच्या खिशात घातला. देताना जीव जड झाला, खोटं कशाला बोलू? गाडी सुटेपर्यंत परत मागावा की काय, असं वाटत होतं.

घरी आल्यावर कपाटातली तुकड्याची जागा रिकामी दिसली. सोमवारी संध्याकाळी मामाचा फोन आला. त्याने स्टँड फोडला, सिमेंट कोरून काढलं, वॉर्निश उतरवलं. शाळेच्या दालनात आपला दगड आणि माझा ओपलचा तुकडा शेजारी शेजारी ठेवले, एक भिंग दोऱ्याने बांधलं.

"पाटीवर काय लिहिलंस?"

"लिहिलंय, यातलं एक झाड आहे. दुसऱ्याने तुमच्या सरांना आयुष्यभर फसवलं. ओळखा."