चळवळ्या गडी

त्या वर्षी आमच्या क्वार्टरवरून जाताना पोस्टमन मान दुसरीकडे वळवू लागला होता. सुरुवातीला तो सायकल हळू करून "आज नाही हो काही" म्हणायचा. मग नुसताच हात हलवू लागला. शेवटी त्यालाच संकोच वाटू लागला असावा. जणू माझ्या अर्जांना उत्तर न देणारा तोच होता.

आम्ही दापोडीला राहत होतो. वडील तिथल्या एका सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांच्या नोकरीबरोबर मिळालेलं होतं. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते, आणि क्वार्टर जसं नोकरीबरोबर आलं तसंच नोकरीबरोबर जाणार होतं. आमचं मूळ गाव रहाटणी. पण तिथल्या घरात चुलत्यांचा संसार असा पसरला होता की सणाला गेलो तरी चपला कुठे काढायच्या हा प्रश्न पडे. मला नोकरी लागली तर पिंपरीच्या बाजूला भाड्यानं खोली घेता आली असती. नाही लागली तर काय, हे घरात कोणी बोलत नव्हतं. आईनं फक्त नवीन वस्तू घेणं बंद केलं होतं. माठ फुटला तर त्या जागी तिनं कळशी ठेवली. "आता कशाला घ्यायचा, हलवायचंच आहे," एवढंच म्हणाली.

मी बी.ए. झालो होतो आणि मला टायपिंग येत होतं. पिंपरी-चिंचवडच्या माळावर तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. काल बाजरी होती तिथे आज तारेचं कुंपण आणि फाटकावर गुरखा. कुंपण दिसलं की मी अर्ज करायचा. अर्ज इंग्रजीत, 'आय बेग टू अप्लाय' अशी सुरुवात, आणि सहीच्या वर आपण साहेबांचे अत्यंत आज्ञाधारक सेवक असल्याची कबुली. ज्या साहेबाला मी पाहिलं नव्हतं आणि ज्यानं मला एकही आज्ञा केली नव्हती, त्याचा मी अगोदरच आज्ञाधारक होऊन बसलो होतो. इंग्रज जाताना बरंच काही घेऊन गेले म्हणतात. हे मात्र विसरून गेले.

उत्तरं येत नव्हती आणि त्याला काहीतरी कारण असणं मला गरजेचं वाटत होतं. एक कारण माझ्याजवळ तयार होतं. खरं सांगायचं तर ते मला थोडं आवडायचंही.

आदल्या वर्षी मी एका कारखान्यात हंगामी कारकून होतो. तिथे नव्या शेडचं उद्घाटन झालं. मंडप, सनई, पाहुण्यांच्या गळ्यात त्यांच्या मानेला न पेलणारा हार. पाहुणे म्हणाले, "साहेब असो की कामगार, आपण सगळे एकाच कुटुंबातले." जेवणाचे मंडप दोन होते. साहेबांच्या मंडपात श्रीखंड होतं, आमच्याकडे बुंदी. मी शेजारच्याला हळूच म्हणालो, "मग पंगत एकच का नाही, विचार जरा." तो मोठ्यानं हसला. पुढच्या दोन रांगा हसल्या. नोकरभरतीचे साहेब मागे वळून माझ्याकडे पाहत राहिले. महिनाअखेर माझी मुदत संपली, ती कोणी वाढवली नाही.

त्यावरून मी एक पूर्ण सिद्धांत रचला. हे सगळे साहेब पुण्याला क्लबात भेटतात. तिथे एकमेकांना नावं सांगतात. एक काळी यादी आहे आणि तीत मी आहे. एका संध्याकाळी मी हे वडिलांना सांगितलं. ते विळ्याची मूठ बसवत होते.

"यादीत घालायला आधी त्यांना तुझं नाव माहीत पाहिजे," ते म्हणाले.

"दादा, त्यांनी वळून पाहिलं होतं माझ्याकडे."

"पंख्याकडं पाहिलं असेल. उकडत असेल." त्यांनी मूठ ठोकली. "उद्या गावाला जा. काकाला विचार, मागची खोली देतो का. तुझ्या यादीत खोली असली तर तीही बघ."

दुसऱ्या दिवशी पवना ओलांडून मी रहाटणीला गेलो. काका शेतावर गेले होते, म्हणून पाटलांच्या ओट्यावर बसून राहिलो. गावचे हे पोलीस पाटील साठीचे, आवाजाने मोठे, आणि वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र. मी त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत एक मिशीवाला गृहस्थ सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर आला. पोलिसातून पेन्शनीत निघालेला हवालदार होता. नोकरीला घ्यायच्या माणसांची गावोगाव चौकशी करायचं काम त्याला मिळालं होतं.

"कोनत्या कंपनीचं?" पाटलांनी विचारलं.

"सगळ्यांचंच म्हणा की. अलीकडची, पलीकडची, नाक्यावरची. एकाच फेरीत उरकतो. आधी गाव विचारायचं, मग मुलाखतीचं पत्र. ते दापोडीच्या फिटरचं पोरगं, मूळचं इथलंच ना? कसं काय आहे?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तोंडावर स्तुती करणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, आणि हवालदारानं मला कधी पाहिलेलं नव्हतं.

"त्ये व्हय," पाटील म्हणाले. "लई चळवळ्या गडी हाय."

हवालदाराची बशी तोंडाशी थांबली. "चळवळ्या?"

"आवं, घडीभर बसायचा न्हाई. शाळंत असल्यापास्नं तसंच. सुट्टीला आला की धा पोरं गोळा केलीच म्हनून समजा. हीर साफ केली, वाचनालय काढलं. दिवे लागले की देवळात बैठका घ्यायचा पोरांच्या."

"बैठका," हवालदार म्हणाला.

"व्हय. आन् बोलाय लागला की मान्सं हातातलं काम टाकून ऐकत्यात."

हवालदारानं बशी खाली ठेवली. "मागच्या खेपांनाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"कितीबी येळा इचारा. आपला शबुद बदलत न्हाई."

"बरं. कळलं." तो उठला, पाटलांना रामराम केला, मलाही केला, आणि सायकलवर बसून गेला.

आमच्या गावात चळवळ्या म्हणजे हातापायाला स्वस्थता नसलेला, सारखं काहीतरी करत राहणारा माणूस. मुलीच्या बापाला जावई असा आहे म्हणून सांगतात. पण ते दिवस चळवळीचे होते. वर्तमानपत्रं उघडली की मोर्चे, घोषणा, संप. कारखान्याच्या फाटकापाशी चार माणसं एकत्र उभी राहिली तरी साहेब खिडकी लावून घेत. अशा साहेबाला कोणी सांगितलं की हा उमेदवार चळवळ्या आहे, बैठका घेतो आणि लोकांना काम टाकायला लावतो, तर त्याला वेगळी यादी करायची गरज काय?

माझा पंगतीचा विनोद कोणाच्या ध्यानातही नव्हता. इतके महिने मी त्याच्यावर विसंबून होतो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थकल्यासारखं वाटलं.

"आबा, तुम्ही जो येईल त्याला हेच सांगता?"

"मंग? एकाला कमी, एकाला जास्त न्हाई."

"तिकडे चळवळ्या म्हणजे संप करणारा."

पाटलांनी यावर बराच वेळ तंबाखू मळली. "आसं कसं? मंग संप करनाऱ्याला काय म्हनत्यात?"

"तेच म्हणतात."

"मग म्या काय म्हनू?"

"गरीब म्हणा."

"गरीब?" त्यांना ते लागलं. "गरीब आमी गाईला म्हनतो, ती बी दूध देत आसंल तर. तुज्या बापाच्या कानावर गेलं तर काय म्हनंल त्यो?"

"मग शांत आहे म्हणा."

"ह्या ओट्यावर बसून खोटं बोलू?"

शेवटी मी न राहवून सांगितलं, "दिवाळीनंतर क्वार्टर जाणार आहे, आबा. आता काकांकडे मागची खोली मागायला आलोय."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "बोलला न्हाई त्यो मला."

"ते कुणालाच बोलत नाहीत."

"व्हय," पाटील म्हणाले. "त्यो तसाच."

संध्याकाळी काका भेटले. मागच्या खोलीत कडबा होता, आणि काकांच्या बोलण्यावरून तो तिथे कायमचा राहायला आलेला होता.

मी पुन्हा अर्ज केले, पुन्हा आज्ञाधारक झालो. दसरा झाल्यावर एक दिवस पाटील दापोडीला आमच्या दारात उभे राहिले. पटका बांधलेला, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. पाणी पिऊन झाल्यावर वडिलांना म्हणाले, "आला हुता त्यो मिशीवाला. म्या म्हनलं, पोरगं लई गरीब हाय. तर मला म्हनतो, पाटील, आदी तर चळवळ्या म्हनत हुता. म्हनलं, निवला त्यो. आता कायबी करत न्हाई. दिसभर एका जागी बसून आसतो. कुनाशी बोलत न्हाई, आन् त्याचं कुनी ऐकत न्हाई."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "मग? काय म्हणाला तो?"

"खूश झाला. म्हनला, साहेबास्नी आसाच मानूस पायजे."

आई शेंगा घेऊन आत गेली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मला कळलं नाही.

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा पोस्टमननं घंटी वाजवली. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी कारकून झालो. नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि दिवसभर एका जागी बसून राहायचं. मला घेण्यापूर्वी माझ्याविषयी जे सांगितलं गेलं होतं ते शब्दशः खरं करून दाखवण्याची ती नोकरी होती. क्वार्टर सोडण्याआधी चिंचवडला खोली मिळाली. आईनं तिथे पहिल्यांदा माठ आणला.

पुढच्या वर्षी आमच्याही कारखान्यात समारंभ झाला. हार होता, सनई होती, आणि आम्ही सगळे एकाच कुटुंबातले असल्याचं पुन्हा कळलं. शेजारचा माझ्याकडे वळून काहीतरी अपेक्षेनं पाहत होता. मी टाळ्या वाजवल्या आणि बुंदी खाल्ली.

पाटलांनी मला नंतर कधी चळवळ्या म्हटलं नाही. गावी गेलो की ओट्यावर बसवून चहा द्यायचे. एकदा आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "बसूनच आसतोस न्हवं?"

"हो, आबा."

"कुनाशी बोलत न्हाईस?"

"नाही."

"बरं हाय," ते म्हणाले, आणि विहिरीच्या बाजूला बघत राहिले. ती परत गाळानं भरली होती.