भिंतीपासून सुरुवात करणारे रशीदभाई

रशीदभाई गेल्याचं शेजारच्या शिंप्यानं शाळेत येऊन सांगितलं, तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. छातीत दुखतंय तर नगरला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवा, म्हणून दिवाळीपासून मी त्यांच्या मागे लागले होते. दर वेळी एकच उत्तर, "पित्त हाय, बाई. जाईन की." नगरला काही गेले नाहीत... दुकानातल्या बाकावर बसल्या बसल्या गेले. त्याला पाच-सहा आठवडे झाले. राग अजून पुरता निवलेला नाही.

बेलापुरात रेडिओ दुरुस्त करणारे म्हणून सगळे त्यांना ओळखत. आमची गाठ पडली ती ऑर्गनमुळे. माझा धाकटा भाऊ वसंता हौशी वाद्यवृंद चालवतो, मी त्यात गाते. तीन वर्षांपूर्वी त्यानं मुंबईच्या एका पार्टीकडून विजेवर चालणारा जुना विलायती ऑर्गन आणला. भाता नाही, काही नाही, बटण दाबलं की स्वर! बघायला अर्धी आळी घरात. वसंतानं तो थाटात भिंतीच्या सॉकेटला जोडला. एक लांब स्वर निघाला आणि पाठोपाठ जळका वास. दुसऱ्या दिवशी टांग्यात घालून आम्ही तो रशीदभाईंकडे नेला. त्यांनी मागची फळी काढली, आत बराच वेळ नुसतं बघितलं आणि म्हणाले, "वसंतराव, ह्याची भूक एकशे धा व्होल्टची. तुमी दुपटीनं वाढलं." मग त्यांनी जळालेले भाग बदलले, वीज उतरवून देणारा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर स्वतः तार गुंडाळून बनवून दिला. चांगला दिला, पण त्याला अडीच महिने लावले! तोवर वसंता रोज दुकानावर जाई, रोज चहा पिई आणि रोज चिडून घरी येई.

कारण त्यांची पद्धत. ऑर्गनचा आवाज गेला की आम्ही सगळे ऑर्गनकडे धावायचो, हे गृहस्थ भिंतीकडे चालू लागायचे. आधी सॉकेटला दिवा लावून बघणार, मग प्लग, मग वायर बोटांतून हातभर हातभर सरकवत, मग फ्यूज, मग ट्रान्सफॉर्मर. शेवटी कुठे ऑर्गन. मधली एक पायरी गाळा म्हटलं तर पुन्हा भिंतीपासून सुरू. पुढे ते कार्यक्रमांनाही आमच्याबरोबर येऊ लागले. एकदा शेवगावला प्रेक्षक येऊन बसले आणि ऑर्गन मुका. वसंता रडकुंडीला आलेला. रशीदभाई सगळं तपासत तपासत आले, आवाज कमीजास्त करणाऱ्या पायपट्टीपाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, जरा साडीचा घोळ काढा हितनं." पट्टीच्या फटीत माझ्या साडीचा घोळ अडकून ती वर राहिली होती. सगळे हसले. मला मात्र त्या माणसाचा असा संताप आला की परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

पण पारनेरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यातली संध्याकाळ, शाळेचं पटांगण. धूळ बसावी म्हणून सगळीकडे पाणी मारलेलं, मातीच्या ओट्यावर अंथरलेली सतरंजीसुद्धा ओली. ऑर्गन सुरू केला तर नुसती घूंऽऽ अशी घरघर. मी गायला पुढे होणार, तेवढ्यात रशीदभाईंनी ऑर्गनच्या लोखंडी कडेला टेस्टर टेकवला आणि प्लग ओढून काढला.

"थांबा," म्हणाले.

"अहो, घरघर राहू दे. मी तिच्यावरून गाईन!"

"न्हाई बाई. हात लावू नका त्याला."

आणि निघाले भिंतीकडे! पाव तास गेला, अर्धा तास गेला. शिट्ट्या सुरू झाल्या. कार्यक्रमाला बोलावणारे मास्तर हात जोडून गेले. वसंतानं चिडून प्लग हिसकावायला हात घातला, तर ह्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घालून खिशावर हात ठेवला. मी सगळ्यांसमोर त्यांना बोलू नये ते बोलले. ते म्हणाले, "बोला. मी आइकतो हाय." आणि पुन्हा काम.

शेवटी मला खाली बोलावलं. दिव्याची एक वायर ऑर्गनच्या कडेला बांधलेली, दुसरी ओल्या मातीत खुपसलेल्या सळईला. वसंताला म्हणाले, "लावा आता." प्लग लागला आणि दिवा लख्ख पेटला. मांडवाच्या वायरमननं बोर्डात तारा उलट्या जोडल्या होत्या आणि ऑर्गनमधली एक वायर घासून पत्र्याला टेकली होती, त्यामुळे वीज त्या कडेत उतरली होती. मी अनवाणी होते. गाताना एक हात ऑर्गनच्या त्याच कडेवर ठेवायची माझी सवय.

"आधी सांगायचं नाही का?" मी ओरडलेच.

"आधी सांगितलं असतं तर तुमी भ्याला असता. भ्यालेल्या माणसाचा सूर हालतो." मग वर बघत, "आन् मलाबी नक्की कुटं ठावं हुतं?"

इतरांच्या बाबतीत नक्की कळेपर्यंत न हलणारा हा माणूस स्वतःच्या छातीचं दुखणं न बघताच 'पित्त' म्हणून मोकळा झाला. ह्यावर चिडू नको तर काय करू?

ते गेले तेव्हा ऑर्गन त्यांच्याकडेच होता. मधले स्वर चिरके येत होते, म्हणून ते जाण्याच्या दोन महिने आधी दिलेला. विचारलं की, "परवा या." असे कितीतरी परवा झाले. गेल्या रविवारी तो आणायला आम्ही गेलो. वसंता दुकानाशी थांबला, मी आत त्यांच्या पत्नीकडे, भाभींकडे गेले. दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी ऑर्गन होता. फळी बसवलेली, वरून स्वच्छ पुसलेला.

"भाभी, हा झाला होता का दुरुस्त?"

"कवाच," त्या म्हणाल्या. "आणला त्याच आठवड्यात." मग ओढणी सारखी करत, हलक्या आवाजात, "दुपारी जेवून आले की हितं बसायचे. एका बोटानं वाजवायचे. तुमी गाता ती गानी. मी म्हनायचे, लोकांची चीज हाय, देऊन टाका. तर म्हनायचे, आजच्या दिस राहू दे. मला म्हनायचे, ऐक, आता बाई वरच्या सुराला जातील बघ."

किती चहा, किती हेलपाटे, किती वाद... सांगितलं असतं तर आम्ही काय नाही म्हटलं असतं?

मी बटण दाबलं. मधले स्वर एकामागून एक वाजवून बघितले. स्वच्छ, गोल, कुठे चीर नाही. भाभी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या, डोळे मिटून.

बाहेर आले तर वसंता टांगा ठरवून उभा.

"झालाय ना? ऐकू आला की मला, चांगला वाजतोय!"

"नाही झाला," मी म्हटलं. "राहू दे इथंच थोडे दिवस."