विहिरीत पावडर कोणी टाकायची

आमच्या बोरखडीत पाणी सोडायचं काम सायमन मकासरे करतात. एकोणीस वर्षं झाली. गावात सहा आळ्या आणि त्यांचं पाणी उघडायचे-बंद करायचे सहा वॉल. कुठल्या आळीला किती वेळ पाणी दिलं म्हणजे ते शेवटच्या घरापर्यंत पोचतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. बारा वर्षांपूर्वी वॉल फिरवताना पाना सटकला आणि उजव्या हाताची करंगळी गेली. त्या दिवशीही हाताला फडकं गुंडाळून त्यांनी राहिलेल्या दोन आळ्यांना पाणी दिलं आणि मगच सोनईला दवाखान्यात गेले.

मी या गावची सून, इथल्याच शाळेत शिक्षिका. मी हे सांगते आहे, कारण त्या दिवसांत मीही चांगली वागले नाही.

सायमनभाऊंचं घराणं पणजोबांपासून ख्रिस्ती. चर्चमागच्या आळीत त्यांची पंचवीस-तीस घरं आहेत. गावात सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. लग्नात त्यांची पंगत वेगळी बसायची, आणि ते कोणी बोलून दाखवायचं नाही. पण पाण्यावरून कोणी कधी त्यांना काही बोललं नव्हतं. वरच्या आळीच्या बायका तर त्यांच्यावर घड्याळ लावायच्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गावाच्या ग्रुपवर बारा सेकंदांचा एक व्हिडिओ आला. त्यात सायमनभाऊ टाकीखाली उभे होते, हातात पांढरी पिशवी. त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रुसाची खूण केली आणि ते शिडी चढू लागले. व्हिडिओ तिथेच संपला. खाली लिहिलं होतं, 'बघा, आपल्या पाण्यात काय मंतरून टाकतात.' टाकणारा होता मच्छिंद्र, स्टँडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा.

त्या पिशवीत पाणी शुद्ध करायची पावडर होती. ती रोज टाकीत पडते. टाकी पन्नास फूट उंच, पायाखाली नुसती लोखंडी शिडी, म्हणून ते चढताना देवाचं नाव घेतात, एवढंच. मला हे माहीत होतं. पावडरीचा धडा मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात शिकवते. तरी दुपारी सासूबाईंनी माठ उचलून मोरीत पालथा केला, तेव्हा मी गप्प राहिले. संध्याकाळी मीच जारचं पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायमनभाऊंनी वरच्या आळीचा वॉल उघडला, तर नळावर कोणीच नाही. तोट्या उघड्या आणि पाणी रस्त्यावरून वाहत चाललेलं. त्यांनी एकेक तोटी बंद केली. काय झालं ते त्यांना पुतण्या जोसेफने घरी आल्यावर मोबाईलवर दाखवलं.

जोसेफचं म्हणणं सरळ होतं. वरच्या आळीचं पाणी चार दिवस बंद करा, म्हणजे कळेल. चर्चमागच्या आळीतली बाकीची पोरंही त्याच्या बाजूने होती. सायमनभाऊंची मुलगी सिल्व्हिया संगमनेरला नर्स आहे. तिचा सारखा फोन येत होता, आईला घेऊन इकडे निघून या म्हणून. सायमनभाऊंच्या पत्नी मरियावहिनींनी कपड्यांची एक बॅग भरूनही ठेवली होती.

सायमनभाऊ जोसेफला एवढंच म्हणाले, "पानी बंद करायची चावी माझ्याच हातात हाय. म्हनून तर मला जास्त जपून राह्यला पाह्यजे."

ते सरपंचांकडे गेले. रोज गावातलं एक माणूस माझ्याबरोबर टाकीवर पाठवा, त्याच्या डोळ्यांदेखत पावडर टाकतो, असं त्यांनी सांगितलं. सरपंच म्हणाले, जरा निवू द्या. मग सायमनभाऊंनी स्वतःच एक रीत पाडली. ज्या आळीला पाणी सोडायचं, तिथल्या पहिल्या नळाचं तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर उभ्याने प्यायचं. खालच्या आळ्यांतल्या बायका त्यामुळे हळूहळू परत आल्या. वरच्या आळीत मात्र कोणीतरी ओट्यावरून म्हणालं, त्याला त्याचं मंतरलेलं चालणारच की.

मारहाणीची भीती त्यांना होती, पण चार-पाच दिवसांत दुसऱ्याच भीतीने त्यांना धरलं. वरची आळी मच्छिंद्रच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणू लागली होती. विहीर ओढ्याकाठी, वरच्या अंगाला गोठा. कालव्याला पाणी नसल्याने ती तळाला गेलेली. वाकून पाहिलं तर पाणी हिरवट दिसायचं. शेजारच्या गावात त्याच आठवड्यात जुलाब-उलट्यांची साथ आली होती आणि लोक दवाखान्यात पडले होते. आरोग्य केंद्राचा माणूस येऊन मच्छिंद्रच्या विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घेऊन गेला. अहवाल यायला आठ दिवस लागणार होते.

वहिनी सांगतात, ते जेवायला बसले की हात ताटातच राहायचा. वरच्या आळीत पाच वर्षांखालची अकरा लेकरं आहेत, हे त्यांना घरोघर तोंडपाठ होतं. त्यातलं एक जरी आजारी पडलं तरी नाव आपलंच येणार, हेही त्यांना कळत होतं. विहिरीत पावडर पडली की काम होणार होतं. पण त्या विहिरीवर पांढरी पिशवी घेऊन कोणीही जावं, त्यांनी जायची सोय नव्हती.

एका सकाळी त्यांनी पिशवी काढली, तशा वहिनी दाराला पाठ लावून बसल्या. "त्यांच्या विहिरीवर जाणार तुम्ही? हात-पाय तोडतील."

"विहिरीवर न्हाई जात. मच्छिंद्राच्या दुकानात जातो."

मी त्या वेळी दुकानातच होते, चार्जर घ्यायला आले होते. अकरा वाजले असतील. बाकावर चार माणसं बसली होती आणि मच्छिंद्र दिव्याखाली एक फोन उघडून काम करत होता. सायमनभाऊंनी पिशवी काउंटरवर ठेवली. बाकावरच्या एकाने लगेच मोबाईल काढून समोर धरला. सायमनभाऊंचा चार बोटांचा हात पिशवीवरच होता.

"मच्छिंद्र, तुझ्या विहिरीचं पानी पिन्याजोगं राह्यलं न्हाई," ते म्हणाले. "ही पावडर हाय. मी विहिरीला हात लावनार न्हाई. तू टाक. किती टाकायची ते मी सांगतो."

मच्छिंद्रने मान वर केली नाही. "टाकीतलं पानी बाटवून झालं. आता विहीर राह्यली व्हय?"

बाकावरचा एक जण उठला आणि त्याने सायमनभाऊंना छातीवर ढकललं. पिशवी खाली पडली, फाटली, दुकानासमोरच्या डांबरावर पावडर सांडली. ते उकिडवे बसले आणि उरलेली पावडर फाटक्या पिशवीत भरू लागले. कोणी मदत केली नाही. उठल्यावर ते मच्छिंद्रला म्हणाले, "माझ्या नळाचं पानी पिऊ नका, चालंल. पन तुमचं पानी उकळून प्या. लेकरांना तरी उकळून द्या."

मच्छिंद्र चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेला. मी एक शब्द बोलले असते तर त्याला ऐकावं लागलं असतं. मी चार्जर पिशवीत टाकला आणि घरी आले.

दिवेलागणीला मच्छिंद्रची आई, बनुबाई, चर्चमागच्या आळीत आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, काठी टेकत, एकट्या. वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि आधी कडीच लावली. त्यांना वाटलं, मागे माणसं असतील. मागे कोणी नव्हतं. सायमनभाऊंनी दार उघडलं.

बनुबाई उंबऱ्यावरच बसल्या. दुकानात काय झालं ते त्यांच्या कानावर आलं होतं. "माझा थोरला याच विहिरीच्या पान्यानं गेला," त्या म्हणाल्या. "तीन वर्साचा हुता. दोन दिस जुलाब झाले, संपलं. मच्छिंद्राला ठावं न्हाई, तो नंतरचा. तू सांग कसं करायचं, सायमन. मी टाकते. माझ्या विहिरीवर मला कोन धरनार हाय?"

वहिनींनी बादली आणली. सायमनभाऊंनी त्यांना तिथेच करून दाखवलं. पावडर पाण्यात कालवायची, तिच्यातला चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी तेवढं विहिरीत ओतायचं आणि तासभर कोणाला पाणी भरू द्यायचं नाही. बनुबाईंकडून त्यांनी ते दोनदा करून घेतलं. वासाने त्यांना ठसका लागला. पावडरीची पुडी कमरेला खोचून त्या गेल्या.

पुढचे दिवस सायमनभाऊंनी कसे काढले, ते वहिनीच जाणतात. म्हाताऱ्या माणसाच्या हातून कमी पडली तर, जास्त पडली तर, आणि पुडी कुठून आली हे फुटलं तर? रोज सकाळी वॉल फिरवून झाले की ते कालव्याच्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. ॲम्ब्युलन्सचा आवाज येतो का, ते ऐकत.

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रने आईला बादलीसकट विहिरीवर पाहिलं. शेजारच्या वावरातली माणसं सांगतात, आधी तो खूप ओरडला, मग बनुबाई बराच वेळ काहीतरी बोलत होत्या आणि तो विहिरीच्या काठावर बसून ऐकत होता. दोन दिवस त्याचं दुकान उघडलं नाही.

अहवाल आला. बनुबाईंनी पावडर टाकायच्या आधी घेतलेलं ते पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. शेजारच्या गावात चाळीसच्या वर माणसं आजारी पडली होती. आमच्या वरच्या आळीत दोघांना त्रास झाला, दोघेही सलाईनवर बरे झाले. त्यात लेकरू एकही नव्हतं.

मे महिन्यात ग्रामसभा झाली. सायमनभाऊंनी तेच मागणं पुन्हा मांडलं, रोज एक माणूस बरोबर द्या. या वेळी पाळ्या ठरल्या. पहिलं नाव मी माझं घातलं. शिडीवरून उतरल्यावर मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, हाताला पावडर लागलीय, धुऊन घ्या, आग व्हईल."

मच्छिंद्रचीही पाळी आली. तो आला, मुकाट वर चढला, मुकाट उतरला. व्हिडिओ त्याने ग्रुपवरून काढून टाकला आहे, पण तोवर तो पाच-सहा गावांत फिरून आला होता. वरच्या आळीतली तीन घरं अजूनही नळाचं पाणी फक्त धुण्याभांड्याला वापरतात. ती घरं सायमनभाऊंना माहीत आहेत. त्या आळीची वेळ त्यांनी एका मिनिटानेही कमी केलेली नाही.

सोनईच्या बाजारात मात्र त्या व्हिडिओवरून त्यांना अजून कोणी ना कोणी ओळखतं. मध्यंतरी एका भाजीवाल्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि तोललेली वांगी परत पाटीत ओतली. ते पुढे गेले. तेव्हापासून बाजार वहिनी करतात. ते एसटी स्टँडवर बसून राहतात, आणि वहिनींना यायला जरा उशीर झाला की उठून रस्त्यापर्यंत जाऊन पाहून येतात.