पाखराच्या कपाळावरची विभूती

त्या पाखराच्या मानेतली पत्र्याची कडी पायांवर हलली की बारीक आवाज व्हायचा. टिक्. आज इतक्या वर्षांनीही भर दुपारी पंखा बंद असला आणि घरात मी एकटी असले, की तो आवाज मला येतो. पाखरू कपाटात रुमालात बांधलेलं असतं, तरी येतो. लोक म्हणतील, म्हातारीला भास होतात. म्हणू देत. नुसता भास असता तर त्यावर एखादं औषध तरी मिळालं असतं.

सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागंच घर. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. चैत्रात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जिवंत राहिले ते फक्त डोळे. मी तेव्हा तेवीस वर्षांची, कॉलेज संपवून घरी बसलेली. लग्न जमत नव्हतं ते माझ्या तोंडापायी. "हिच्या जिभेला हाड न्हाय," असं अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

अप्पा पाणी घेईनात. चमचा ओठाला लावला की दात गच्च आवळायचे आणि भिंतीकडं बघायचे. डॉक्टरांनी मला दाराशी बोलावून सांगितलं, "पाणी पोटात गेलं तर माणूस टिकेल. नाही गेलं तर या उन्हाळ्यात काही खरं नाही." मी चिडले, रडले, एकदा तर चमचा आपटला. अप्पांचे दात काही उघडले नाहीत.

अशात अक्कलकोटचा मामा आला. मुंबईला जाऊन आला होता. पिशवीतून त्यानं एक काचेचं पाखरू काढलं. पोटात लाल पाणी, डोक्यावर मऊ कापड चिकटवलेलं, वर चिमुकली टोपी, मागं पीस. म्हणाला, "डोकं भिजवायचं, पुढं पाण्याचा पेला ठेवायचा. दिवसभर आपलं आपण पाणी पितंय बघ." कसलं काय न् फाटक्यात पाय! पाखरू दोनदा डुललं आणि सरळ उभं राहिलं. मामा खाटेवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता, "तिरकं कर, अजून भिजव." शेवटी मीच त्याच्या मानेची कडी नखानं किंचित वर सरकवली. पेला काठोकाठ भरला, तरी चोच पोचेना, म्हणून पेल्याखाली अप्पांची तपकिरीची डबी सरकवली. मग लाल पाणी हळूहळू नळीतून वर चढायला लागलं. पाखरू डुलत डुलत पुढं झुकलं, चोच पाण्यात बुडाली आणि ते परत उभं राहिलं. टिक्.

अप्पा बघत होते. पाखरू पुन्हा वाकलं, आणि अप्पांचं तोंड उघडलं. मी घाईघाईनं चमचा घातला. त्यांनी गिळलं! पुढच्या वेळी पाखरू वाकलं तेव्हा पुन्हा. अव्वा चौकटीला धरून उभी होती, ती तिथंच खाली बसली. "नीरु कुडी, नीरु कुडी," कानडीत म्हणत राहिली. पाणी पी, पाणी पी. अप्पांना म्हणत होती की पाखराला, कोण जाणे.

पंधरा दिवस असंच चाललं. पाखरू वाकलं की चमचा. सोलापूरचा वैशाख, कोरडी ठणठणीत हवा, पाखराला क्षणाची उसंत नव्हती. अप्पांच्या चेहऱ्यावर तजेला आला. मला मात्र त्या टिक्-टिक् आवाजाची धास्ती बसली. स्वयंपाक करताना, अंघोळ करताना कान तिकडंच. आवाज थांबला की हातातलं टाकून धावायची.

आजूबाजूला घरोघर माग होते. कापसाचे तंतू हवेतून उडत यायचे आणि पाखराच्या ओल्या डोक्याला, कडीला चिकटायचे. एका सोमवारी मी दुकानातली नानकटाईची काचेची पेटी आणली, झाकण काढून उलटी केली आणि पाखरू नि पेला दोन्हीवर ठेवली. धूळ नाही, माश्या नाहीत, कुणाचा धक्का लागायची भीती नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश.

दुपारपर्यंत पाखरू मंद झालं. मग थांबलं. पेटी उचलून बघते तर पाखराच्या कपाळावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे! अप्पांच्या कपाळावर होते तसेच.

"अव्वा, हे काय केलंस?"

"आपल्या घरात इभूत लावल्याबिगर कोन पान्याला तोंड लावतंय का?" ती शांतपणे म्हणाली. "सकाळी पेटी उचलून लावली. ह्यांच्या डोळ्यांदेखत ते रोज तसंच पाणी पितंय. ह्यांना बरं वाटंल का ते?"

खरं होतं ते. अंघोळ, विभूती, लिंगपूजा, आणि मगच पाण्याचा घोट, हा अप्पांचा जन्मभराचा नेम. तापानं फणफणलेले असले तरी त्यांनी तो मोडला नव्हता. पण मला कुठलं ऐकायचं होतं! मी पाखराचं डोकं साबणानं धुतलं, उघड्यावर वाळवलं, पुन्हा भिजवलं. पाखरू लगेच वाकलं. झालं! माझ्या हाती पुरावाच आला. पेटी परत झाकली, आणि तासा-दीड तासानं पाखरू पुन्हा थांबलं.

"राख आत मुरली," मी ओरडले. "तुझ्या विभूतीनं पाखरू मेलं! आता पाज पाणी!" शेजारच्या तेलगू मावशी दारातून डोकावल्या, तरी माझं तोंड थांबलं नाही. अव्वा पदरानं नुसते हात पुसत राहिली.

पुढचे चार दिवस मी काय काय केलं! कडी वर, कडी खाली. पेला बदलला. पाखरू उलटं धरून लाल पाणी पोटात उतरवलं. प्रत्येक वेळी ते थोडं चालायचं, अप्पांचे दोन-चार चमचे व्हायचे, मी पेटी झाकायची आणि ते थांबायचं. काचेला आतून दव धरायचं, तेही मी फडक्यानं पुसायची. शेवटी अप्पांसमोर पेटी उचलली आणि बोटानंच पाखराला पुढं ढकललं. अप्पांनी माझ्या बोटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. ती नजर मी विसरलेले नाही.

पाचव्या दिवशी, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा, अप्पा गेले. ओठ वाळून पापडासारखे झाले होते.

त्यानंतर अव्वाच्या कपाळावर कुंकू नव्हतंच, पण विभूतीही दिसेना. आमच्यात विधवा बाई विभूती सोडत नाही, उलट तेवढीच तिच्या कपाळाला उरते. बायका विचारायच्या, जंगम स्वामींनी विचारलं. ती एवढंच म्हणायची, "माझ्या इभूतीनं त्यांचं पाणी तोडलं." त्या उघड्या कपाळानं ती एकोणीस वर्षं पाणी प्यायली. तिच्या लेखी प्रत्येक घोट पापाचा होता. आणि मी, जिला कुठंही तोंड घालायची सवय, मी एकदाही म्हटलं नाही की असं नसेल गं.

ती गेल्यावर कपाट आवरताना पाखरू सापडलं, अप्पांच्या रुमालात. दिवस उन्हाळ्याचेच होते. मी ते खिडकीत ठेवलं, डोकं भिजवलं. चालू लागलं. मग काय मनात आलं कोण जाणे, देवळीतली विभूती घेऊन मी त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली. वाट बघत बसले. तास झाला, दोन झाले. पाखरू वाकत होतं, उठत होतं, वाकत होतं.

मग उरली होती फक्त पेटी. अडगळीतून मी ती नानकटाईची पेटी शोधून आणली आणि पाखरावर ठेवली. काचेला आतून दव धरायला लागलं. आत सगळं ओलं-दमट झालं, भिजलेलं डोकं वाळायला जागाच उरली नाही, आणि डोकं वाळत राहिलं तरच ते वाकतं. पाखरू मंद झालं. थांबलं. पेटी उचलली, थोड्या वेळानं ते पुन्हा वाकलं.

मी उठले. भिंतीवर अव्वाचा फोटो होता, कपाळ उघडंच. हातावरची उरलेली विभूती मी फोटोच्या काचेवर लावली. पट्टे वाकडे आले.

"अव्वा, तुझ्या विभूतीनं काही झालं नव्हतं गं," मी म्हणाले. "मी झाकलं होतं त्याला. मी."

मागं खिडकीत पाखरू पाणी पीत होतं. टिक्.