मर्लने निवडलेली तपासनीस

मर्ल प्रिडो माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाची एक फळी फार पूर्वी निखळली, ती कोणी परत बसवली नाही. ये-जा तिथूनच. तिचा नवरा आल्फ आणि मी लट्रोब खोऱ्यातल्या वीजघरात एकत्र होतो. मी फिटर होतो. तो बॉयलरच्या नळांवर ॲस्बेस्टॉसचा लेप चढवायचा. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत बसून तो गेला, त्याला बारा वर्षं झाली. आमच्या गावात अशा माणसाबद्दल ‘धुळीने गेला’ एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

गेल्या जानेवारीत मर्लच्या नातीने, टीगनने, विचारलं की भाड्याचं घर सोडावं लागतंय, मार्चपासून आजीकडे राहायला येऊ का. ती, तिचा नवरा आणि आठ महिन्यांची मुलगी. मर्ल ऐंशीची, एकटी राहणारी. दुसरी कोणी असती तर फोनवरच हो म्हणाली असती. मर्ल म्हणाली, “रांगणारं पोर आहे. आधी घर तपासून घेते. माझा ज्याच्यावर विश्वास बसेल अशा माणसाने चालेल म्हटलं तर या. नाहीतर नाही.”

घर आल्फने १९६६ साली स्वतः बांधलं होतं, शनिवार-रविवार करून, दोस्तांना बिअर पाजून. भिंती फायब्रोच्या, म्हणजे ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटच्या पातळ तक्त्यांच्या. आमच्या गल्लीतली सगळीच घरं तशी आहेत. तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

पहिला तपासनीस तिच्या मुलाने, डॅरिलने, पाठवला. पांढरीशुभ्र व्हॅन, गडी बोलायला गोड. पाऊण तासात त्याने सांगून टाकलं की भिंती, वळचणी, न्हाणीघर, सगळंच काढावं लागेल, आणि लगेच ते काढण्याच्या खर्चाचा कागदही खिशातून काढून दिला. मर्लने चष्मा लावून व्हॅनवरची अक्षरं वाचली. तपासणी आणि काढणी दोन्ही तुम्हीच करता का, असं तिने विचारलं. तो अभिमानाने म्हणाला, एका फोनवर सगळं काम.

“म्हणजे मी आजारी आहे की नाही ते औषध विकणारा ठरवणार,” मर्ल म्हणाली, आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आली. चहाबरोबर बिस्किट दिलं नाही. मर्लकडून बिस्किट न खाता परत जाणं म्हणजे काय, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा आला तो मर्लचा चहा निवायच्या आत मोकळा झाला. घर उत्तम आहे, रंगाचा एक हात मारा, एवढंच त्याचं म्हणणं. छापील कागदावर रकान्यांपुढे बरोबरच्या खुणा केलेल्या. त्यात ‘जमिनीखालची जागा पाहिली’ यापुढेही खूण होती. मर्ल त्याच्या पँटकडे बघत राहिली.

“घराखाली गेला होतात?”

“गेलो की.”

“खाली जेमतेम दीड फूट जागा आहे. आल्फ तिथून बाहेर यायचा तेव्हा जळमटांनी म्हातारा दिसायचा. तुमच्या गुडघ्यावर अजून इस्त्रीची घडी आहे.”

तो म्हणाला, दारातून बॅटरी मारून पाहिलं. मर्लने पेन घेऊन त्या खुणेपुढे ‘खोटं’ असं लिहिलं आणि कागद त्याच्याच हातात ठेवला. हे मी कुंपणापलीकडून पाहिलं आणि घाईघाईने टोमॅटोंना पाणी घालायला लागलो.

डॅरिल वैतागला. एक म्हणतो सगळं काढा, दुसरा म्हणतो काहीच नको, तर आईला नक्की ऐकायचं तरी काय आहे, असं तो मला येऊन विचारून गेला. मी तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, ऐकायचं काही नाही, कळायला हवंय.

शुक्रवारी बोलिंग क्लबात जेवायला वीजघरवाल्यांच्या विधवांचं एक टेबल असतं. मर्लने तिथे विचारलं की तुमच्यापैकी कुणाकडे असा तपासनीस आला होता का, ज्याने ऐकायला नको वाटेल असं सांगितलं आणि विकलं मात्र काहीच नाही. दोघींनी एकच नाव घेतलं, लोरेटा ग्रेक. तिचा बाप माल्टाहून आलेला, आमच्याच बॉयलरवर राबलेला. ती फक्त तपासते, काढायचं काम घेत नाही, कुणा कंपनीचं नावही सुचवत नाही. मर्लने फोनवर तिचा परवाना विचारला, विमा विचारला, नमुने कुठल्या प्रयोगशाळेत जातात ते विचारलं. शेवटी विचारलं की तपासताना मी बरोबर राहिले तर चालेल का. लोरेटा म्हणाली, तुम्ही नसाल तर मीच येणार नाही.

ती आली तेव्हा अंगात विटलेला डांगरीचा पोशाख होता. हत्यारांची पेटी तिने दारातच ठेवली आणि स्वयंपाकघरात बसून वही उघडली. घर कुणी बांधलं, कोणत्या साली, मदतीला कोण होतं? मर्लने कुंपणाशी येऊन मला हाक मारली. डॅरिलही आलेला होता, ही तिसरी काय दिवे लावते ते बघायला.

लोरेटाने मला विचारलं, “काका, वीजघरातून घरी काय काय यायचं?”

मर्ल हसली. आमच्या गल्लीतली निम्मी फाटकं टर्बाइनला लावायच्या राखाडी रंगाने रंगवलेली आहेत. बिजागऱ्या, बोल्ट, नळ, मर्लचा कपडे वाळत घालायचा खांबसुद्धा तिथलाच. त्याला कोणी चोरी म्हटलं नाही. मी एकेक सांगत गेलो आणि मग थांबलो. लोरेटाने पेन्सिल तशीच धरून ठेवली. तिला घाई नव्हती.

“पोती,” मी म्हणालो.

ॲस्बेस्टॉस ज्या गोणपाटाच्या पोत्यांतून यायचं, ती रिकामी झाली की फुकट मिळायची. गालिच्याखाली अंथरायला जाड कापड लागतं, ते महाग. त्यामुळे खोऱ्यातल्या कितीतरी घरांत गालिच्याखाली हीच पोती गेली. १९६७ साली मर्ल डॅरिलच्या वेळी इस्पितळात होती, तेव्हा तिला चकित करायचं म्हणून आल्फने आणि मी पुढच्या खोलीत गालिचा घातला. त्याआधी पोती याच कुंपणावर आपटून झटकली. मर्ल बाळाला घेऊन आली, चपला काढून त्यावर चालली आणि रडली. पुढे गालिचे दोनदा बदलले. खालची पोती तीच राहिली.

डॅरिल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो त्या खोलीत रांगायला शिकला.

मर्लने विचारलं, “तुला हे आठवत होतं, क्लेम?”

“हो.”

“आल्फ गेला तेव्हाही?”

“तेव्हा सांगायचं होतं. मग राहिलं.”

मर्ल म्हणाली, “मग आता लाजू नकोस. किती पोती, कुठल्या भिंतीपासून, सगळं सांग. ही लिहून घेतेय.”

मी सांगितलं. लोरेटाने आम्हाला अंगणात पाठवलं, मास्क चढवला आणि गालिच्याचा कोपरा ओला करून एकटीनेच उचलला. आम्ही तिघं हिरवळीवर उभे. डॅरिल हळू आवाजात म्हणाला, “आई, हे कागदावर येऊ देऊ नकोस. एकदा लिहिलं गेलं की उद्या घर घेणारा प्रत्येक जण तेच दाखवून भाव पाडणार. शनिवारी मी आणि क्लेमकाका गुपचूप उचलून टाकतो.”

“क्लेमने एकदा उचलली, तेवढं पुरे,” मर्ल म्हणाली. “तुझ्या बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आधी न्यूमोनिया लिहिलं होतं. ते बदलून घ्यायला मी चौदा महिने हेलपाटे घातले. प्रत्येक खिडकीतला माणूस म्हणायचा, बाई, आता काय फरक पडतो. या घराच्या कागदावर मी पहिल्याच वेळी खरं लिहून घेणार. भाव पडला तर पडू दे. मी काही कुठे जात नाही.”

लोरेटा बाहेर आली तेव्हा मर्लने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, “पोरी, पोत्यांचं मोठ्या अक्षरात लिही.”

नऊ दिवसांनी निकाल आला. पोत्यांत ॲस्बेस्टॉस होतं. भिंतींतही होतं, पण त्या धडधाकट होत्या. त्यांना भोक पाडू नका, रंग टिकवा, वर्षाकाठी बघून घ्या, इतकंच लोरेटाने लिहिलं होतं. भिंती पाडायची गरज नव्हती. पुढची खोली मात्र त्याच दिवशी बंद केली. काढायचं काम मर्लने तिसऱ्याच कंपनीला दिलं, आणि त्यांचं आवरल्यावर लोरेटाने पुन्हा येऊन हवा तपासली. डॅरिलला छाती तपासून घ्यायची नव्हती. मर्ल स्वतः गाडी चालवत त्याच्या कामावर गेली आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. काही निघालं नाही, पण दर वर्षी यायला सांगितलंय. टीगन मार्चऐवजी मेमध्ये आली. पोरगी आता उघड्या लाकडी फळ्यांवर रांगते, आणि तिचे गुडघे काळे होतात म्हणून मर्ल कुरकुरते.

त्या अहवालाचं पान मर्लने क्लबच्या फळ्यावर लावलं आणि खाली हाताने लिहिलं, ‘माझ्या गालिच्याखाली हे निघालं. तुमच्या?’ ते दोनदा कोणीतरी फाडलं. तिने दोनदा परत लावलं. वीजघरातला एक जुना मुकादम तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला की तू अख्ख्या गल्लीची घरं मातीमोल करते आहेस. मर्लने काटा खाली ठेवला आणि त्याला म्हणाली, “घरी जा आणि बायकोला विचार, तिने किती वर्षं तो गालिचा झाडला.” तो मग जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात त्या पानाखाली तीन पत्ते लिहिलेले होते. एक त्याचा होता.

एक माझा. माझ्या बोळकांडीत आणि झोपायच्या खोलीत मिळून बावीस पोती आहेत.

लोरेटा माझ्याकडे गुरुवारी सकाळी यायची होती. मी किटली ठेवायला गेलो तर मर्ल आधीच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलेली. मी म्हटलं, तू कशाला आलीस?

“तू गप्प बसशील म्हणून,” ती म्हणाली, आणि दुसरी खुर्ची लोरेटासाठी ओढून ठेवली.